पाणी पायथ्याला, घाम माथ्यावर

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. लातूर शहराची तहान भागवणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. ते आटलं होतं. त्याच महिन्याच्या २० तारखेला, या धरणापासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाई तालुक्यात गावोगावची माणसं कुदळी, फावडी आणि घमेली घेऊन डोंगराकडे निघाली. पानी फाउंडेशनच्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’चं ते पहिलं वर्ष होतं. साताऱ्यातला कोरेगाव, अमरावतीतला वरुड आणि बीडमधला अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांतली ११६ गावं या स्पर्धेत उतरली होती. पावसाच्या आत, सुमारे दीड महिन्यात, जे गाव पाणी अडवण्याचं आणि जिरवण्याचं सर्वांत चांगलं काम करेल, त्याला पहिलं बक्षीस मिळणार होतं.

पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करत यायचं असतं. आधी डोंगराच्या उतारावर सलग समतल चर खणायचे, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओढ्या-नाल्यांवरचे बांध. माथ्यावर अडलेलं पाणी तिथेच दिसत नाही. ते जमिनीत मुरतं, खडकाच्या भेगांतून हळूहळू उतरतं आणि कित्येक दिवसांनी खालच्या एखाद्या विहिरीत पाझरतं. ती विहीर कुणाची असेल हे चर खणणाऱ्याला ठरवता येत नाही. पायथ्याला ज्याची जमीन आहे त्याला जास्त पाणी, मध्यावरच्याला कमी, आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही रान नाही त्याच्या विहिरीचा प्रश्नच येत नाही. तरीही वैशाखाच्या उन्हात घाम गाळणाऱ्यांमध्ये भूमिहीन मजूरही होते. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेली माणसं संध्याकाळी फुकट श्रमदान करत होती.

का? या प्रश्नाची दोन उत्तरं लगेच सुचतात. एक, माणूस मुळात चांगला असतो. दोन, माणूस मुळात स्वार्थी असतो आणि या लोकांचाही त्यात काहीतरी फायदा असणार: गावच्या हातपंपाला पाणी येईल, रानं पिकली की मजुरी मिळेल, गावात नाव होईल. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, पण दोन्ही अर्ध्या वाटेवर थांबतात. परोपकार आणि स्वार्थ यांचं नातं नीट समजून घ्यायचं तर पुढची अर्धी वाट चालावी लागते.

संशयाचा युक्तिवाद

‘शेवटी प्रत्येक जण स्वतःसाठीच करतो,’ हे वाक्य पारावर ऐकू येतं तसं तत्त्वज्ञानाच्या वर्गातही ऐकू येतं. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज हा या मताचा मोठा पुरस्कर्ता मानला जातो. त्याच्याबद्दलची एक आठवण त्याचा मित्र जॉन ऑब्रे याने लिहून ठेवली आहे. हॉब्जने रस्त्यावरच्या एका दुबळ्या म्हाताऱ्याला पैसे दिले. धर्माची आज्ञा नसती तरी दिले असतेस का, असं कुणीतरी विचारलं. हॉब्जने होकार दिला आणि कारणही सांगितलं: म्हाताऱ्याची दशा पाहून मला वेदना होत होत्या, त्याला आधार मिळाला आणि माझीही वेदना हलकी झाली.

आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतो की पती, पत्नी, मुलं, धन हे सगळं माणसाला प्रिय होतं ते आत्म्याकरिता. हे वचन एकटं काढून वाचलं तर हॉब्जच्या रांगेत बसतं. पण याज्ञवल्क्याचा आत्मा एका देहापुरता नाही, तो सर्वांच्या ठायी आहे. त्याच्या म्हणण्याचा रोख ‘मी’चं कुंपण काढून टाकण्याकडे आहे, आणि संशयवाद्याचा रोख सगळं जग त्या कुंपणात कोंबण्याकडे.

संशयाच्या युक्तिवादाला सर्वांत नेमकं उत्तर दिलं जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकाने, १७२६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवचनांत. त्याचा मुद्दा आपल्या भाषेत असा मांडता येईल: तहानलेल्याला पाणी पिऊन समाधान होतं, कारण त्याला आधी पाणी हवं असतं. तहानच नसेल तर पाण्याने समाधान कुठून होणार? तसंच, दुसऱ्याचं भलं झालेलं पाहून मला बरं वाटतं, याचा अर्थ त्याचं भलं व्हावं ही इच्छा माझ्या मनात आधीपासून होती. ती नसती तर त्याचं भलं होवो की वाईट, मला काहीच वाटलं नसतं. म्हणजे मदत करून मिळणारं समाधान स्वार्थाचा पुरावा ठरत नाही. उलट ते सांगतं की माझ्या मनात दुसऱ्यालाही जागा आहे.

हॉब्जच्या आठवणीकडे आता पुन्हा पाहा. म्हाताऱ्याची दशा पाहून त्याला वेदना का झाल्या? पूर्ण स्वार्थी माणसाला त्या झाल्याच नसत्या. तो मान फिरवून पुढे गेला असता.

निसर्गाचा हिशोब

तत्त्वज्ञांचा वाद चालू असताना जीवशास्त्रापुढेही हाच पेच उभा राहिला. डार्विनच्या सिद्धांतानुसार जो जीव जगतो आणि संतती वाढवतो त्याचे गुण पुढच्या पिढीत उतरतात. मग दुसऱ्यासाठी झीज सोसणाऱ्याचे गुण टिकतात कसे? कामकरी मधमाशी स्वतः बहुधा प्रजननच करत नाही आणि पोळ्यासाठी डंख मारून मरते. हा स्वभाव लाखो वर्षं टिकला कसा?

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्याचं गणित मांडलं. माझी जनुकं माझ्यात असतात तशी माझ्या भावंडांत, मुलांत, पुतण्या-भाच्यांतही काही प्रमाणात असतात. म्हणून मदत करणाऱ्याची झीज जर नातेवाइकाच्या फायद्याला नात्याच्या जवळिकीने गुणून येणाऱ्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर मदतीचा तो स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतो. बीड जिल्ह्यात हे दरवर्षी डोळ्यांसमोर घडतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे टोळ्या निघतात, लाखो माणसं गाव सोडतात. मागे गावात थकलेले आजी-आजोबा नातवंडांना सांभाळत राहतात. स्वतःला नीट दिसत नसलेली आजी पहाटे उठून नातवाच्या शाळेची भाकरी थापते. हॅमिल्टनचं गणित तिला लागू पडतं.

दुसरं उत्तर १९७१ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने दिलं. नातं नसलं तरी, पुन्हा पुन्हा भेट होणार असेल आणि कोण उपकार फेडतो कोण बुडवतो हे लक्षात राहत असेल, तर परस्परांना मदत करणं दोघांच्याही फायद्याचं ठरतं. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकातल्या रक्तपिपासू वटवाघळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर हे वटवाघूळ मरतं. पोट भरलेलं वटवाघूळ आपल्या पोटातलं रक्त उपाशी सोबत्याला भरवतं, आणि ही मदत प्रामुख्याने नातलगांना व नेहमीच्या सोबत्यांना मिळते.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. जनुकांच्या ‘फायद्या’ची भाषा हा शास्त्राचा हिशोब आहे, आजीच्या मनात तो नसतो. तिच्या मनात नातू असतो. एखादा स्वभाव कशामुळे टिकला हा एक प्रश्न, आणि तो स्वभाव असलेला माणूस कशासाठी झटतो हा दुसरा प्रश्न. निसर्गाने माया निर्माण केली ती फायद्यामुळे असेल, पण निर्माण झालेली माया खरीच असते.

सावड, इर्जिक, वारंगुळा

ट्रिव्हर्सने शास्त्रात मांडलेली गोष्ट मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने व्यवहारात कधीच उतरवली होती. आज तुझ्या रानात खुरपणी, उद्या माझ्या रानात. मजुरी नाही, कागद नाही, फक्त लक्षात ठेवायचं आणि सावड फेडायची. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी बैल एकत्र करतात आणि आळीपाळीने दोघांच्याही रानाची नांगरट करतात, तो वारंगुळा. एखाद्याचं काम अंगाबाहेर गेलं की तो गावातल्या माणसांना, बैलजोड्यांना इर्जिकीला बोलावतो. दिवसभर काम आणि संध्याकाळी पोटभर जेवण. कोरडवाहू शेतीत वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, दोन-चार दिवस टिकतो. तेवढ्यात पेरणी झाली नाही तर वर्ष हातचं जातं. एकट्या कुटुंबाच्या हातांनी ती वेळ गाठता येत नाही, म्हणून ही रीत टिकली.

सावडीत स्वार्थ आहे आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. तरी ती बाजारातल्या व्यवहारासारखीही नाही. मजुरीचे पैसे दिले की देणं संपतं. सावडीचं देणं नातं चालू ठेवतं. सावड फेडायला टाळाटाळ करणाऱ्याचं नाव गावभर होतं आणि पुढच्या पेरणीला त्याच्या बांधावर कुणी येत नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी संगणकावर हेच तपासलं. पुन्हा पुन्हा खेळायच्या एका खेळात त्यांनी तज्ज्ञांकडून डावपेच मागवले. सर्वांत साधा डाव जिंकला: पहिल्यांदा सहकार्य करायचं आणि नंतर समोरचा जसा वागेल तसं वागायचं. ‘सहकार्याची उत्क्रांती’ या त्यांच्या १९८४ च्या पुस्तकाने हा निष्कर्ष जगभर पोहोचवला.

पण सावडीला एक सीमा आहे. जो फेडू शकतो त्याच्यासाठीच ती आहे. ज्या बाईचा नवरा गेला, घरात बैल नाही, मुलं लहान आहेत, ती सावड कशी फेडणार? परतफेडीचा धागा जिथे संपतो तिथून परोपकाराची खरी हद्द सुरू होते. गावातले चार लोक तिचं रान पेरून देतात, तेव्हा ते हॅमिल्टनच्याही बाहेर पडतात आणि ट्रिव्हर्सच्याही.

सगळ्यांचं काम कुणी करायचं?

माथ्यावरच्या चराकडे परत येऊ. तिथे दोन माणसांची देवाणघेवाण नसते. तिथे सगळ्यांचं मिळून एक काम असतं आणि त्यात वेगळीच अडचण असते. मी गेलो नाही तरी बाकीचे चर खणतीलच आणि पाणी मुरलं की माझ्याही विहिरीला येईल. मग मी उन्हात कशाला जाऊ? प्रत्येकाने असा विचार केला तर कुदळच पडणार नाही. १९६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी हा पेच तपशिलाने मांडला आणि मोठ्या समूहात, काही सक्ती किंवा वेगळं आमिष नसेल तर, लोक सामाईक हितासाठी झटणार नाहीत असा निष्कर्ष काढला.

वॉटर कपमध्ये आमिष होतं, पण ते कसलं हे नीट पाहायला हवं. बक्षीस गावाला मिळणार होतं, माणसाला नाही. पहिल्या वर्षी ते कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवलं. बहुतेक गावांना काहीच मिळालं नाही, पण त्यांनी खणलेले चर त्यांच्या डोंगरावर राहिले. एका माणसाच्या दृष्टीने हिशोब मांडला तर बक्षिसाची आशा त्याच्या घामाची किंमत भरून काढत नाही. म्हणून ओल्सनच्या सिद्धांताप्रमाणे बहुतेकांनी घरीच बसायला हवं होतं. झालं उलटंच: २०१७ मध्ये स्पर्धा तीन तालुक्यांवरून तीस तालुक्यांवर गेली. १ मे २०१८ ला महाराष्ट्र दिनी शहरांतून हजारो स्वयंसेवक, म्हणजे ‘जलमित्र’, गावांत आले आणि ज्या शिवाराशी आपला काही संबंध नाही तिथे त्यांनी माती उपसली.

स्वित्झर्लंडमधले संशोधक अर्न्स्ट फेर आणि सायमन गॅख्टर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याचं एक कारण दाखवतो. चार-चार जणांच्या गटांना पैसे देऊन सामाईक खात्यात भर घालायला सांगितलं. भर घातली की सगळ्यांचा फायदा. न घालणाऱ्यालाही वाटा मिळतो. सुरुवातीला बहुतेकांनी भर घातली. पण काही जण फुकट वाटा घेतात हे दिसू लागलं की बाकीच्यांचाही हात आखडत गेला. मग नियम बदलला: स्वतःच्या खिशाला तोशीस लावून फुकट्याला दंड करता येईल. लोकांनी तो दंड केला. पुढच्या फेरीत त्या माणसाशी आपली गाठ पडणार नाही हे माहीत असूनही केला, आणि सहकार्य वाढलं. बहुतेक माणसं ‘इतर करत असतील तर मीही करीन’ या वृत्तीची असतात. पहाटे अख्खा गाव डोंगरावर दिसला की घरी बसणं अवघड होतं. चार माणसं दिसली की ती चारही हळूहळू परततात. गाव करी ते राव न करी, हे खरं, पण गावाने करण्यासाठी आधी कुणाला तरी पहिली कुदळ मारावी लागते. परतीची हमी नसताना पहिली कुदळ मारणारा माणूस स्वार्थाच्या हिशोबात बसत नाही. त्याच्याशिवाय इतरांचा हिशोबही जुळत नाही.

पाणी आल्यावर खरी परीक्षा होते. विहिरी भरल्या की जास्त बोअर, जास्त उपसा, जास्त ऊस, आणि दोन उन्हाळ्यांत शिवार पुन्हा कोरडं. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली यावर उपाय काढला. पाऊस किती पडला हे मोजून गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, भरमसाट पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या कुरणांचा, मासेमारीचा, कालव्यांचा अभ्यास करून हेच दाखवलं. लोकांनी स्वतः नियम केले, त्यांची देखरेख स्वतः केली आणि मोडणाऱ्याला बेताबेताने शिक्षा केली तर सामाईक संपत्ती टिकते. चांगुलपणाला नियमांचा आधार लागतो, आणि नियमांनाही ते पाळू इच्छिणारी माणसं लागतात.

निघून जायची वाट मोकळी असताना

इतकं झाल्यावरही संशयवादी म्हणेल, लोकलाजेस्तव केलं. मग शुद्ध परोपकार ओळखायचा कसा? अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन यांनी त्यासाठी एक युक्ती शोधली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तीला एलेन नावाची तरुणी विजेचे धक्के सोसताना दिसे. प्रत्यक्षात तो अभिनय होता. एलेनच्या जागी स्वतः बसायची तयारी आहे का, असं विचारलं जाई. काहींना सांगितलेलं असे की थोडं पाहून झालं की तुम्ही जाऊ शकता. काहींना शेवटपर्यंत पाहत बसावं लागणार होतं.

माणूस फक्त स्वतःची अस्वस्थता घालवण्यासाठी मदत करत असेल, तर निघून जाणं हा स्वस्त उपाय आहे. ज्यांना एलेनबद्दल फारसं वाटत नव्हतं त्यांच्यातल्या बहुतेकांनी, जाण्याची मोकळीक मिळताच, तोच उपाय निवडला. पण ज्यांच्या मनात तिच्याबद्दल कणव जागी झाली होती, त्यांच्यातले बहुतेक वाट मोकळी असूनही तिच्या जागी बसायला तयार झाले. पुढे या निष्कर्षांवर बराच वाद झाला. रॉबर्ट चाल्डिनी यांच्यासारख्या संशोधकांनी म्हटलं की दुःखी झालेला माणूस स्वतःचं मन हलकं करायला मदत करतो. बॅटसन यांनी अशी एकेक पळवाट बंद करत कित्येक वर्षं नवे प्रयोग केले आणि आपल्या मतावर ते ठाम राहिले: कणव जागी झाली की माणूस खरोखर दुसऱ्यासाठी झटतो.

बीड जिल्ह्यात ही वाट मोकळी असतानाही थांबलेली माणसं आहेत. अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली आणि पाणी, शेती, दुष्काळ या प्रश्नांवर आयुष्य घालवलं. शैला लोहियांनी मनस्विनी प्रकल्पातून संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी काम केलं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे. ऊसतोड कामगारांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची, अनाथ अशी मुलं तिथे राहतात आणि शिकतात. बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांनी इन्फंट इंडियात एचआयव्हीबाधित मुलांना घर दिलं. ही मुलं त्यांच्या रक्ताची नाहीत आणि सावड फेडणार नाहीत.

या माणसांना समाधान मिळत नाही का? मिळतच असणार. बटलरचं उत्तर इथे उपयोगी पडतं: मुलं जगावी, शिकावी असं आधी वाटलं म्हणून ती जगताना, शिकताना पाहून समाधान मिळतं. समाज या माणसांना मान देतो, तोही त्यांना हवा असेल. त्याने त्यांचं काम कमअस्सल ठरत नाही. परोपकारी माणसाने दुःखीच असलं पाहिजे, त्याला काहीच मिळता कामा नये, ही अट आपण घातली आहे आणि ती चुकीची आहे.

शहराच्या पगारातून

कणव एकट्या माणसाच्या मनात राहिली तर तिची पोच मर्यादित असते. महाराष्ट्राने तिला एकदा कायद्याचं रूप दिलं. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या भीषण दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. मराठवाड्यातली कित्येक कुटुंबं खडी फोडून, पाझर तलावांची माती वाहून तगली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. पैसा उभा करण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. आजही मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांच्या पगारातून तो कापला जातो. बीडमधल्या कुठल्याशा अनोळखी मजुराच्या कामासाठी आपण हा कर देत आलो, हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसतं.

यातही स्वार्थ शोधणारे अभ्यासक आहेत. दुष्काळी भागातले लोंढे शहरात येऊ नयेत म्हणून शहरांनी कर मान्य केला, बड्या शेतकऱ्यांना रस्ते आणि तलाव मिळाले म्हणून त्यांनी योजना उचलून धरली, असं ते दाखवतात. असेलही. पण खडी फोडणाऱ्या बाईच्या हाती त्या आठवड्याची मजुरी पडली, आणि ती मागण्याचा तिला हक्क मिळाला. व्यवस्था टिकायची असेल तर तिच्यात अनेकांचे स्वार्थ गुंफलेले असावे लागतात. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव त्याच्या पाठीशी होता.

त्याग कुणाच्या वाट्याला?

परोपकाराचा विचार इथे थांबवला तर तो अपुरा राहील, कारण त्यागाची एक काळी बाजू बीडनेच महाराष्ट्राला दाखवली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एका दिवसाचा खाडा पडला की दंड. पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलाव्या लागतात, आणि राहायच्या कोप्यांत पाणी नसतं, संडास नसतो. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या काळात झालेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांची माहिती घेतली गेली, आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक महिलांचं गर्भाशय काढलेलं आढळलं.

अनेक जणींनी तिशी-पस्तिशीत हे पाऊल उचललं. खाडा पडू नये, उचल फिटावी, मुलांच्या तोंडी घास पडावा हे त्यांच्या मनात होतं. त्यांच्या मनातला हेतू पाहिला तर तो त्याग आहे. पण त्या त्यागातून इतरांच्या पदरात काय पडलं त्याची यादी करा: खाडा न पडता तोडला गेलेला ऊस, वसूल झालेली उचल, शस्त्रक्रियेची फी. अशा त्यागाचं कौतुक करणं म्हणजे अन्यायात वाटा उचलणं आहे. आईपण, सोशिकपणा, घरासाठी झिजणं यांचे गोडवे गाताना आपण हे विचारलं पाहिजे की झिजणारी नेहमी तीच का, आणि तिच्या झिजण्यावर कुणाची पोळी भाजते.

गावात राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं, ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ, त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना ही पावलं म्हणूनच मोलाची आहेत. ज्या आजीवर सगळा भार पडतो, तिचा थोडा भार ती उचलतात. शांतिवनसारखं काम दुप्पट आदराला पात्र आहे, आणि तशा कामाची गरज पडू नये यासाठी झटणं हेही परोपकाराचंच काम आहे.

एक कसोटी

मग खरा परोपकार ओळखायचा कसा? मदत करणाऱ्याचं किती नुकसान झालं हे मोजून तो कळत नाही. उपाशी राहून दिलेला घास आणि पोट भरल्यावर दिलेला घास, दोन्ही भुकेल्याच्या पोटात सारखेच जातात. बॅटसन यांच्या नंतरच्या प्रयोगांतून निघणारी कसोटी अधिक उपयोगाची आहे: ज्याला मी मदत करू पाहतो, त्याचं भलं माझ्याशिवाय, दुसऱ्या कुणाच्या हातून झालं, तर मला तेवढाच आनंद होईल का? होणार असेल तर माझं लक्ष त्याच्यावर आहे. मनाला रुखरुख लागणार असेल तर माझं लक्ष माझ्या नावावर आहे. दुसऱ्या प्रकारच्या मदतीनेही पाणी अडतं, शाळा उभ्या राहतात, म्हणून ती नाकारायची नाही. पण तिच्या भरवशावर गावाने राहू नये, कारण टाळ्या थांबल्या की ती थांबते.

भूमिहीन मजुराने माथ्यावर चर का खणला, याचं उत्तर आता देता येतं. गावाला पाणी आलं तर त्यालाही काम मिळेल हे त्याला कळत होतं. सगळे चालले आहेत आणि आपण मागे राहू नये असंही वाटत होतं. आणि खाली ज्याची विहीर भरेल त्याचं भलं व्हावं असंही वाटत होतं. तिन्ही कारणं एकाच माणसात, एकाच वेळी असू शकतात. त्यांतलं एकच खरं मानून बाकीची खोटी ठरवायला कुठलाही आधार नाही.

म्हणून वाचकाला एक विनंती. पुढच्या वेळी कुणी चांगलं काम करताना दिसलं की ‘यात त्याचा काय फायदा?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. दोन वेगळे प्रश्न विचारा: यात ज्याला गरज आहे त्याचं भलं होतं का, आणि या भल्याची किंमत कुणावर लादली जाते? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल आणि ती किंमत कुणा दुबळ्यावर लादलेली नसेल, तर करणाऱ्याचा थोडा फायदा झाला म्हणून बिघडत नाही. आपणही आपली कुदळ घेऊन निघावं.